इंटरॅक्टिव्ह वेबपानांसाठी टूल निवडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टूल निवडायची चर्चा बहुतेक वेळा नावांपासून सुरू होते. रिॲक्ट घ्यावं की व्ह्यू, की हल्ली सगळे बोलतात ते तिसरंच काहीतरी? खरं तर ती आपल्या पानापासून सुरू व्हायला हवी. ज्यांना एचटीएमएल आणि सीएसएस थोडंफार येतं आणि पान स्वतः बनवायचं आहे किंवा कुणाकडून बनवून घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत.

सगळ्यात आधी काय ठरवायचं?

पानाला काय काय लक्षात ठेवावं लागणार आहे, ते. प्रोग्रॅमर मंडळी याला 'स्टेट' म्हणतात. बटण दाबलं की मेनू उघडतो, एवढंच असेल तर पानाला एकच गोष्ट लक्षात ठेवायची आहे : मेनू उघडा आहे की बंद. कर्जाचा हप्ता काढणाऱ्या पानात तीन रकाने आणि एक उत्तर असतं. तिथेही फार काही नाही.

आता नाट्यगृहातल्या खुर्च्या निवडायचं पान घ्या. निवडलेल्या खुर्च्या नकाशावर रंग बदलून दिसायला हव्यात, बाजूच्या यादीत यायला हव्यात, एकूण रकमेत धरल्या जायला हव्यात, आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणी त्या घेतल्या तर सगळीकडून गायब व्हायला हव्यात. एक गोष्ट बदलली की चार ठिकाणं बदलतात. साधी हाती लिहिलेली जावास्क्रिप्ट इथे हळूहळू हरायला लागते. यादी बदलते, रक्कम जुनीच राहते. रिॲक्ट, व्ह्यू, स्वेल्ट ही सगळी मंडळी मुळात हाच एक त्रास मिटवायला जन्माला आली. माहिती बदला, पान आपोआप तिच्याशी जुळवून घेईल, हा त्यांचा वायदा.

म्हणून कागद घ्या. पानाला लक्षात ठेवायच्या गोष्टी लिहा आणि प्रत्येक गोष्ट किती ठिकाणी दिसते ते पुढे लिहा. बहुतेक गोष्टींपुढे 'एक' असेल तर फ्रेमवर्कची, म्हणजे रिॲक्टसारख्या तयार सांगाड्याची, चर्चा तिथेच थांबवता येते.

कोणतीही लायब्ररी (इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड) न घेता कितपत काम होतं?

लोकांना वाटतं त्यापेक्षा खूपच जास्त. गेल्या काही वर्षांत ब्राउझर फार पुढे गेले, आणि इंटरनेटवरचे बरेचसे धडे मात्र जुनेच राहिले.

उघड-बंद होणारे प्रश्नोत्तरांचे कप्पे 'डिटेल्स' टॅगने होतात. एक उघडला की दुसरा आपोआप मिटावा असं हवं असेल, तर त्या सगळ्यांना एकच 'नेम' द्यायचं. जावास्क्रिप्टची एक ओळही लागत नाही. पानावर उघडणारी खिडकी 'डायलॉग' टॅगने करता येते. मार्च २०२२पासून तो सगळ्या प्रमुख ब्राउझरांत चालतो. एस्केप कळ दाबल्यावर बंद होणं, मागच्या पानावरची बटणं तात्पुरती निष्क्रिय होणं, हे सगळं त्यात आयतं मिळतं. ज्यांनी हे कधी हाताने लिहिलं असेल त्यांना त्याची किंमत कळेल. छोट्या तरंगत्या चौकटींसाठी 'पॉपओव्हर' आहे. सीएसएसमधला 'हॅज' हा सिलेक्टर डिसेंबर २०२३पासून सगळीकडे चालतो. आतल्या घटकाच्या स्थितीवरून बाहेरच्या घटकाचं रूप बदलायला पूर्वी स्क्रिप्ट लागायची, ती आता लागत नाही. तारीख निवडणं, रकाना रिकामा ठेवल्यास अडवणं, ईमेलचा साचा तपासणं या गोष्टी तर फॉर्ममध्ये आधीपासूनच आहेत.

पूर्वी ब्राउझरवर विसंबता न येण्याचं मोठं कारण इंटरनेट एक्सप्लोरर होता. जून २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याच्या अकराव्या आवृत्तीचं पाठबळ थांबवलं. 'जुन्या ब्राउझरसाठी' म्हणून कुणी एखादी लायब्ररी सुचवत असेल, तर नेमका कोणता ब्राउझर ते विचारा.

जेक्वेरी अजून वापरावी का?

नव्या कामासाठी गरज नाही. जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी २००६मध्ये आली तेव्हा प्रत्येक ब्राउझरची तऱ्हा वेगळी होती, आणि तिने सगळ्यांना एका माळेत ओवलं. तिच्यातल्या चांगल्या कल्पना पुढे ब्राउझरांनीच उचलल्या. चालू साइटवर ती असेल आणि नीट चालत असेल, तर केवळ जुनी म्हणून उपटून काढण्यात अर्थ नाही.

मग रिॲक्ट, व्ह्यू, स्वेल्ट, अँग्युलर यांतलं कोणतं?

कागदावरची बेरीज मोठी निघाली असेल तरच हा प्रश्न पुढे येतो. चारही टूल्सनी चांगली पानं बनतात, आणि चारहींनी भयंकर पानंही बनतात.

रिॲक्ट फेसबुकने २०१३मध्ये खुलं केलं. त्याचा सगळ्यात मोठा गुण त्याच्या कोडमध्ये नाही, त्याच्या भोवतीच्या गर्दीत आहे. माणसं मिळतात, तयार घटक मिळतात, कोणतीही अडचण आधी कुणाला तरी आलेली असते. पण रिॲक्ट स्वतः फक्त पान रंगवण्याचं काम बघतं. पानांमधली ये-जा, माहिती आणणं, साठवणं यासाठी बाहेरून निवड करावी लागते, आणि दोन रिॲक्ट प्रकल्प एकमेकांना ओळखतही नाहीत असं होतं. शिवाय २०१९च्या सुरुवातीला आलेल्या हुक्सनंतर (घटकात स्टेट सांभाळायची नवी रीत) लिहिण्याची पद्धतच बदलली. त्याआधीचे धडे आजही शोधात वर येतात आणि नवशिक्याला गोंधळात टाकतात.

व्ह्यू २०१४मध्ये इव्हान यू यांनी आणलं. एचटीएमएल येणाऱ्या माणसाला ते सगळ्यात लवकर उमगतं, असं माझं मत आहे. पानाच्या एका कोपऱ्यात ते सुरू करता येतं आणि मग हवं तसं वाढवता येतं. मार्गदर्शक पानं उत्तम आहेत. धडा मात्र तिसऱ्या आवृत्तीचाच बघा, कारण दुसरीचं पाठबळ २०२३च्या अखेरीस संपलं.

स्वेल्टची चाल वेगळी आहे. रिच हॅरिस यांनी २०१६मध्ये ते आणलं. बरंचसं काम ते पान बनवतानाच उरकतं, त्यामुळे वाचकाच्या ब्राउझरकडे कमी ओझं जातं. बातमीतला परस्परसंवादी आलेख किंवा दुसऱ्याच्या पानात बसवायचा छोटा तुकडा असेल, तर मी आधी त्याचाच विचार करीन. ऑक्टोबर २०२४मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत 'रून्स' (स्टेट लिहायच्या नव्या खुणा) आले आणि लिहिण्याची तऱ्हा बदलली, तेव्हा इथेही धड्याची तारीख बघणं आलंच.

अँग्युलर हे गूगलचं. त्यात सगळं एका छताखाली मिळतं आणि गोष्टी करायची एक ठरलेली रीत असते. वीस-तीस जणांचा चमू वर्षानुवर्षं एकाच मोठ्या प्रकल्पावर काम करत असेल तर ही शिस्त उपयोगी पडते. एकट्या माणसाला ती जड जाते. त्याचा इतिहासही ध्यानात ठेवा. २०१०चं अँग्युलर जेएस आणि २०१६मध्ये आलेली दुसरी आवृत्ती यांत सरळ पूल नव्हता. ज्यांचे प्रकल्प जुन्यावर होते त्यांना जवळजवळ नव्याने लिहावं लागलं, आणि जुन्याचं अधिकृत पाठबळ जानेवारी २०२२पासून बंद झालं.

तरीही एकच नाव सांगा असा आग्रह असेल तर : सोबतच्या माणसाला जे येतं ते. सोबत कुणीच नसेल तर व्ह्यू. नोकरीसाठी शिकत असाल तर रिॲक्ट.

फ्रेमवर्क जड वाटतं, पण साध्या स्क्रिप्टने भागत नाही. मधलं काही आहे का?

आहे, आणि माझ्या मते हा टप्पा उगाच दुर्लक्षिला जातो.

तुमचं पान सर्व्हरवर तयार होत असेल (पीएचपी, जँगो, रेल्स, काहीही) तर एचटीएमएक्स बघा. बटण किंवा दुवा दाबल्यावर सर्व्हरकडून तयार एचटीएमएलचा तुकडा येतो आणि पानाच्या ठरलेल्या जागी बसतो, एवढंच त्याचं काम. शोधाचे निकाल, 'आणखी दाखवा', पान न उडवता फॉर्म पाठवणं हे सगळं त्यात बसतं. माहिती सर्व्हरवरच राहते, त्यामुळे तिची दुसरी प्रत ब्राउझरमध्ये सांभाळावी लागत नाही. ब्राउझरमधल्याच बारीकसारीक गोष्टींसाठी, टॅब बदलणं वगैरे, अल्पाइन जेएस आहे. दोन्ही एका स्क्रिप्ट टॅगने जोडता येतात आणि प्रत्येकाचं दाबलेलं (कॉम्प्रेस केलेलं) वजन पंधरा केबीच्या आसपास आहे.

नेट जाऊन-येऊन असताना चालायला हवं असं पान, चित्रं काढायचं पान, एकाच वेळी अनेकांनी लिहायचा कागद, अशा ठिकाणी एचटीएमएक्स उपयोगाचं नाही. प्रत्येक हालचालीला सर्व्हरकडे धाव घेणं तिथे परवडत नाही.

नेक्स्ट, नक्स्ट, स्वेल्टकिट, ॲस्ट्रो ही काय भानगड आहे?

आधीच्या टूल्सवर उभे केलेले पुढचे मजले. नेक्स्ट रिॲक्टवर, नक्स्ट व्ह्यूवर, स्वेल्टकिट स्वेल्टवर. नुसत्या रिॲक्टने बनवलेलं पान उघडताना आधी रिकामं असतं, स्क्रिप्ट उतरली की भरतं. ही टूल्स पान सर्व्हरवरच भरून पाठवतात, म्हणून मजकूर लवकर दिसतो आणि शोधयंत्रांनाही वाचता येतो.

ॲस्ट्रोचा विचार मला जास्त पटतो : पान मुळात साधं एचटीएमएल, आणि जिथे खरोखर हालचाल आहे तेवढ्याच बेटांवर जावास्क्रिप्ट. लेख, माहिती, दस्तावेज असलेल्या साइटसाठी तेच घ्या. लॉगिन करून तासभर काम करायच्या ॲपसाठी मात्र नेक्स्टच्या जातीचं काहीतरी बरं.

बिल्ड टूल लागतंच का?

बिल्ड टूल म्हणजे लिहिलेला कोड ब्राउझरला चालेल अशा फायलींत बांधून देणारा प्रोग्रॅम. एक-दोन स्क्रिप्ट फायली असतील तर नाही. फ्रेमवर्क घेतलं की सहसा लागतं. तेव्हा व्हीट घ्या आणि पुढे चला. 'क्रिएट रिॲक्ट ॲप' वापरायला सांगणारा धडा दिसला तर तो बंद करा. फेब्रुवारी २०२५मध्ये रिॲक्टच्या चमूनेच नव्या प्रकल्पांसाठी ते बाद केलं.

टाइपस्क्रिप्ट (माहितीचे प्रकार नोंदवू देणारी जावास्क्रिप्ट) शिकावी का?

कोड दुसरं कुणी वाचणार असेल किंवा सहा महिन्यांनी तुम्हीच वाचणार असाल, तर हो. पण जावास्क्रिप्ट आल्यावर.

आलेख, नकाशे, खेळ, त्रिमितीय चित्रं यांसाठी काय?

इथे सर्वसाधारण फ्रेमवर्कपेक्षा त्या-त्या कामाची लायब्ररी महत्त्वाची. नेहमीचे स्तंभालेख आणि रेषालेख हवे असतील तर चार्ट जेएस. आजवर कुणी काढला नसेल असा आलेख डोक्यात असेल तर डीथ्री. मात्र डीथ्री आलेख देत नाही, आलेख घडवायची हत्यारं देते. दोन दिवसांत स्तंभालेख हवा असलेल्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये.

नकाशासाठी लीफलेट अजूनही सगळ्यात सोपी. फिरवता-झुकवता येणारा नकाशा हवा तर मॅपलिब्रे. एक गोष्ट विसरली जाते : लायब्ररी फुकट असली तरी नकाशाची चित्रं कुठल्या तरी सर्व्हरवरून येतात. ओपनस्ट्रीटमॅपचे सर्व्हर मोठ्या वर्दळीच्या साइटसाठी नाहीत, आणि श्रेय देणं बंधनकारक आहे. त्रिमितीय कामाला थ्री जेएस, द्विमितीय खेळाला फेजर, आणि चित्रांतून प्रोग्रॅमिंग शिकायचं असेल तर पी-फाइव्ह जेएस.

चित्रासाठी एसव्हीजी घ्यावं की कॅनव्हास? शेकडो आकार असतील तर एसव्हीजी, कारण प्रत्येक आकारावर क्लिक ओळखता येतं आणि सीएसएस लावता येतं. हजारोंनी ठिपके हलवायचे असतील तर कॅनव्हास.

कोड अजिबात लिहायचा नसेल तर?

शिकवणाऱ्यांसाठी एचफाइव्हपी चांगलं आहे. प्रश्नमंजूषा, मध्येच थांबून प्रश्न विचारणारा व्हिडिओ, ओढून जुळवायचे खेळ त्यात बनतात, आणि ते मूडल (ऑनलाइन वर्गांची प्रणाली) व वर्डप्रेस दोन्हींत बसतं. वाचकाने वाट निवडायची अशा गोष्टींसाठी ट्वाइन आहे. ती शेवटी एक साधी एचटीएमएल फाइल हातात देते, आणि ही फार मोठी गोष्ट आहे.

कारण फ्लॅश. एके काळी वेबवरचे खेळ, ॲनिमेशन, शैक्षणिक साहित्य मोठ्या प्रमाणावर फ्लॅशमध्ये होतं. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचं पाठबळ थांबवलं, १२ जानेवारी २०२१पासून प्लेयरने आशय दाखवणंच बंद केलं, आणि वर्षानुवर्षांचं काम एका झटक्यात दिसेनासं झालं. म्हणून ओढा-सोडा पद्धतीचं कोणतंही टूल घेण्याआधी एकच तपासा : माझं काम मला उद्या इथून बाहेर नेता येईल का, आणि नेल्यावर ते ब्राउझरमध्ये स्वतःच्या बळावर चालेल का? 'निर्यात' बटण पैसे भरल्यावरच दिसत असेल, तर ते आधीच कळलेलं बरं.

मजकूर मराठी असेल तर काय वेगळं बघायचं?

बरंच काही. टूलच्या जाहिरातीत हे कधीच नसतं, म्हणून इथे जरा सविस्तर.

पहिली गोष्ट अक्षरं मोजण्याची. जावास्क्रिप्टला 'स्त्री' या शब्दाची लांबी विचारली तर ती ६ सांगते, कारण ती सुटे वर्ण, हलन्त आणि वेलांटी वेगवेगळे मोजते. 'उरलेली अक्षरं' दाखवणारा रकाना किंवा शब्दकोडं बनवायचं असेल तर मजकुराचे अक्षरांप्रमाणे तुकडे करणारं, ब्राउझरमधलं 'इंटल सेगमेंटर' वापरा. जोडाक्षरं एकत्र धरण्याचा नियम युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांचं जागतिक मानक) २०२३च्या १५.१ आवृत्तीत आला, त्यामुळे जुन्या ब्राउझरवर वेगळं उत्तर मिळू शकतं. तिथेही एकदा पाहून घ्या.

दुसरी, ॲनिमेशनची. शब्द एकेक अक्षराने उमटवणाऱ्या अनेक लायब्ररी मजकुराचे असेच तुकडे करतात. मराठीत मग काना एकीकडे, अक्षर दुसरीकडे आणि मध्ये टिंबांचं वर्तुळ दिसतं. शब्दाच्या पातळीवरच तुकडे करा. अक्षरांतलं अंतर वाढवणारा सीएसएस गुणधर्मही शिरोरेषा तोडतो. थ्री जेएसमधल्या त्रिमितीय अक्षरांत जोडाक्षरं जुळतच नाहीत. ब्राउझरमध्ये पीडीएफ बनवणाऱ्या काही लायब्ररींचंही तेच. निवड पक्की करण्याआधी 'क्षुल्लक', 'दुर्मीळ', 'ज्ञानेश्वरी' असे शब्द टाकून पाहा.

तिसरी, फॉर्म. नावाच्या रकान्यात फक्त रोमन अक्षरं चालतील अशी तपासणी असंख्य तयार घटकांत असते. ती सुधारायला कुणी युनिकोडमधला 'अक्षर' वर्ग लावतो, आणि तरीही 'सीमा' नाकारली जाते, कारण मात्रा त्या वर्गात येत नाहीत. 'खुणा' हा वर्गही जोडावा लागतो. '१२' असं देवनागरीत लिहिलेलं जावास्क्रिप्ट आकडा मानत नाही, ते आधी बदलून घ्यावं लागतं. कळफलकाच्या प्रत्येक कळीवर लक्ष ठेवणारा कोड फोनवर फसतो. 'इनपुट' ही घटनाच ऐका. व्ह्यूमधलं 'व्ही-मॉडेल' (रकाना आणि माहिती जोडणारी सोय) शब्दाची जुळणी पूर्ण होईपर्यंत बदल कळवत नाही, त्यामुळे उच्चारानुसारी कळफलकावर लिहिताना शोधसूचना अडखळल्यासारख्या वाटू शकतात.

चौथी, क्रम. साध्या क्रमवारीत 'ळ' हा 'ल'च्या लगेच नंतर येतो, आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर. यादी लावताना ब्राउझरला भाषा मराठी आहे हे सांगा.

पान जड झालंय हे कसं ओळखायचं?

स्वतःच्या नव्या कोऱ्या संगणकावर तर नक्कीच नाही. स्वस्तातला जुना फोन घ्या. तो नसेल तर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेट आणि प्रोसेसर दोन्ही मुद्दाम मंद करून बघा. गूगलचे ठरलेले निकष असे : मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद दिसावा, आणि मजकूर वाचताना पान उड्या मारू नये. यातला दुसरा निकष मार्च २०२४मध्ये आला, आणि अति जावास्क्रिप्ट असलेली पानं नेमकी त्यातच अडकतात. फाइल उतरवायला लागणारा वेळ एकदाचा, पण ती वाचून चालवण्याचा भार फोनला प्रत्येक भेटीत सोसावा लागतो.

ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा वाचकांचं काय?

माउस बाजूला ठेवा आणि टॅब, एंटर, एस्केप एवढ्यावर पान वापरून बघा. जिथे अडाल तिथे स्क्रीनरीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) वापरणारेही अडतील. तयार घटकांचा संच निवडताना ही पाच मिनिटांची परीक्षा त्याच्या नमुना पानावरच घ्या. नुसत्या 'डिव्ह'ला क्लिक लावून केलेलं बटण दिसलं तर तो संच सोडून द्या.

एनपीएमवरचं (जावास्क्रिप्टच्या तयार पॅकेजांचं कोठार) पॅकेज विश्वासाचं आहे हे कसं कळणार?

पूर्ण खात्री कधीच नसते. मार्च २०१६मध्ये 'लेफ्ट-पॅड' हे अकरा ओळींचं पॅकेज लेखकाने काढून घेतलं आणि जगभरातले बिल्ड कोसळले. आठवड्याला लाखो डाउनलोड हा काही पुरावा नाही. शेवटचा बदल कधी झाला, उघड्या तक्रारींना कुणी उत्तर देतं का, आणि हे पॅकेज स्वतः आणखी किती पॅकेजं ओढून आणतं ते बघा. वीस ओळींत होणारं काम असेल तर स्वतःच लिहा.

परवान्यांची काळजी करावी का?

थोडी. एमआयटी परवाना असेल तर निर्धास्त राहा, फक्त परवान्याचा मजकूर काढू नका. रिॲक्ट, व्ह्यू, स्वेल्ट, अँग्युलर सगळे त्यातच आहेत. रिॲक्टच्या आधीच्या परवान्यातलं पेटंटबाबतचं कलम इतकं वादग्रस्त झालं, की २०१७मध्ये फेसबुकला ते बदलावं लागलं. हायचार्ट्स या आलेखांच्या लायब्ररीला व्यावसायिक वापरासाठी पैसे पडतात. मॅपबॉक्सच्या नकाशा लायब्ररीने २०२०मध्ये मुक्त परवाना सोडला आणि मॅपलिब्रेचा जन्म झाला. जीसॅप ही ॲनिमेशनची लायब्ररी २०२५पासून मोफत आहे, पण तो मुक्त-स्रोत परवाना नव्हे. फुकट आणि मुक्त यांत गल्लत नको.

कोड आता एआय लिहून देतो. मग टूल कोणतंही चालेल ना?

लिहून देतो, पण तुटल्यावर वाचायचं तुम्हालाच आहे. शिवाय ही साधनं सहसा रिॲक्टकडे झुकतात, कारण त्यांनी तेच सर्वांत जास्त पाहिलेलं असतं. साधा कप्पा मागितला तरी घटक, हुक आणि तीन पॅकेजं हातात येतात. 'लायब्ररी न वापरता, डिटेल्स टॅगने' असं मुद्दाम सांगा.

चालू साइट जुन्या टूलमध्ये आहे. बदलावी का?

जुन्या टूलला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत असतील आणि काम करणाऱ्यांना ते येत असेल, तर राहू द्या. दुरुस्त्या बंद झाल्या असतील तर बदला, पण सगळं एकदम नको. सगळं मोडून नव्याने लिहायला निघालेले प्रकल्प आगीतून फुफाट्यात पडताना दिसतात, कारण जुन्या कोडमध्ये कुणाच्याच आठवणीत नसलेले शंभर अपवाद सांभाळलेले असतात. एक पान, किंवा पानाचा एक भाग घ्या आणि तो नव्यात न्या. व्ह्यू आणि स्वेल्ट दोन्ही जुन्या पानातल्या एका चौकटीपुरते बसवता येतात. सुरुवात कमी वापराच्या पानापासून करा, पैसे भरायच्या पानाला सगळ्यात शेवटी हात लावा.